पायांपुरती जागा

"सीट निवडायची मुदत आज रात्री संपतेय," सिस्टर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाल्या, "आणि पाय पसरायला जागा असलेली एकच सीट उरलीये. तुमच्यासाठी घेऊन टाकते."

"फुकट?"

"फुकट कशी असेल? थोडे जास्त भरावे लागतील."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे माणसाचं तिकीट वेगळं आणि त्याच्या पायांचं वेगळं. उद्या म्हणतील, श्वास घ्यायचा असेल तर वरचं बटण दाबा."

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग मास्तर. त्यांची उंची अशी, की शिकवणीच्या छोट्या गाडीत बसले की ते गाडीत बसलेत असं न वाटता त्यांनी गाडी अंगात घातलीये असं वाटे. बायको मोठ्या इस्पितळात वॉर्डाची मुख्य नर्स, त्यामुळे ओळखीचे झाडून सगळे तिला सिस्टर म्हणत. सिस्टर नवऱ्याच्या कोपरापर्यंत जेमतेम पोचत. पण घरात कोणाची मान वर होती आणि कोणाची खाली, याचा उंचीशी काही संबंध नव्हता.

लेकीचं लग्न ठरलं होतं. ती राहायची तिथे जायला अख्खा दिवस विमानात काढावा लागे, आणि पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी विवाह नोंदणी कचेरीत जायचं होतं. साक्षीदार म्हणून सही करायला बाबाच हवेत, असं लेकीने बजावून सांगितलं होतं. तेव्हापासून मास्तर रोज एकदा कागदावर सही करून बघत.

"इतका वेळ पाय दुमडून बसलं की रक्ताच्या गुठळ्या होतात," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या वॉर्डात असे पेशंट येतात."

"तुझ्या वॉर्डात पेशंटच येणार. ज्यांना काही होत नाही ते कशाला येतील? मी आयुष्यभर त्या गाडीत गुडघे कानाशी घेऊन बसतोय. मला कोणी बसायला शिकवू नये."

"मग एकदा बसूनच दाखवा ना, जावईबापू," कोपऱ्यातल्या खुर्चीतून मऊ आवाज आला.

त्या सासूबाई. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. दोन माणसांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण अलगद बाजूला व्हायचं, ही नोकरीतली सवय त्यांनी घरातही जपली होती. सिस्टरांनी मोबाइल खाली ठेवला आणि टेप शोधायला उठल्या.

पाच मिनिटांत हॉलचं विमान झालं. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची कपाटाला लावून मांडली. कपाट म्हणजे खिडकी. शेजारी दुसरी खुर्ची. विमान कंपनीने दिलेलं अंतर टेपने मोजून पुढे सासूबाईंची खुर्ची ओढली, कारण ती मागे रेलणारी होती आणि विमानातल्या पुढच्या सीटाही मागे रेलतात. खुर्चीत अर्थातच सासूबाई होत्या.

"मी ड्युटीवरून येईपर्यंत उठायचं नाही," सिस्टर पर्स उचलत म्हणाल्या. "बसून दाखवलंत तर साधी सीट. उठलात तर मी म्हणते ती. आई, लक्ष ठेव."

"तू बिनघोर जा," मास्तर म्हणाले. "आलीस की मीच तुला म्हणेन, एवढ्यात पोचलो?"

पहिला तास झकास गेला. मास्तरांनी पेपर वाचला, लेकीला फोन करून "मी निघालोच आहे असं समज" म्हणून सांगितलं, सासूबाईंनी आधीच करून ठेवलेलं जेवण मांडीवर ताट घेऊन संपवलं. गुडघे पुढच्या खुर्चीच्या पाठीला टेकत होते खरे, पण टेकणं म्हणजे काही लागणं नव्हे. मास्तरांना तर आधार वाटत होता.

मग सासूबाईंची दुपारच्या झोपेची वेळ झाली.

"जावईबापू, मी जरा मागे होऊ का?"

"अहो आई, विचारता काय? व्हा ना."

खुर्ची मागे आली. मास्तरांचे गुडघे ज्या दिशेला गेले ती दिशा त्यांना आजवर माहीत नव्हती.

"लागत तर नाही ना?"

"छे, छे. उलट बरं वाटतंय."

जावई झाल्यापासून त्यांनी सासूबाईंना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि सासूबाईंनी त्यांना कधी नाव ठेवलं नव्हतं. एवढ्या वर्षांची ही पुण्याई दोन गुडघ्यांपायी घालवायची नाही, असं ठरवून मास्तर दात आवळून बसले. थोड्या वेळाने गुडघे दुखायचे थांबले. मग लक्षात आलं, की पायांनी दुखणंच नव्हे तर सगळंच थांबवलं होतं.

इतक्यात बेल वाजली.

"दार उघडंच आहे," मास्तर हळू आवाजात ओरडले.

आत आल्या त्या मॅनेजरबाई. त्यांची दुसऱ्या दिवशी लायसन्सची परीक्षा होती आणि मास्तरांनी त्यांना शेवटच्या सरावासाठी आजची वेळ दिली होती. सीटच्या नादात मास्तर ते साफ विसरले होते. या बाई बँकेची अख्खी शाखा एकट्या चालवत. मात्र हातात स्टिअरिंग आलं की रस्त्याकडेच्या झाडांनाही वाट देत.

"सर, मी खाली गाडीपाशी थांबलेय कधीची," त्या म्हणाल्या आणि दृश्य बघून थबकल्या. "तुम्ही... कुठे निघालात का?"

मास्तरांनी थोडक्यात सांगितलं. मॅनेजरबाईंनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं; शाखेत त्यांनी याहून विचित्र अर्ज ऐकले होते.

"मग माझा सराव?"

विद्यार्थ्याला परत पाठवणं मास्तरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "बसा शेजारी. गाडी काय, डोक्यात चालवता आली की रस्त्यावर चालते. हे घ्या स्टिअरिंग." आणि त्यांनी मांडीवरचं रिकामं ताट बाईंच्या हातात दिलं.

"बेल्ट लावा. आरसा बघा."

"आरसा कुठाय?"

"कपाटाला आहे ना."

बाईंनी आरसा पाहिला, केस सारखे केले आणि गाडी सुरू केली. आश्चर्य म्हणजे खऱ्या गाडीत चाचपडणाऱ्या बाई ताटावर फार छान चालवत होत्या. पहिला गिअर, दुसरा गिअर, वळण, पुन्हा सरळ. त्यांना भलताच धीर आला.

"सावकाश," मास्तर म्हणाले. "चौक येतोय."

"दिसतोय मला."

"सिग्नल लाल आहे."

"नाही सर, हिरवा आहे."

"मी सांगतोय ना लाल आहे."

"पण मला हिरवा दिसतोय," असं म्हणून बाईंनी तिसरा गिअर टाकला.

मास्तरांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि आजवर शेकडो माणसं, गाड्या आणि एक लग्नाचा मांडव त्या ब्रेकने वाचवला होता. डोकं काही ठरवायच्या आत त्यांचा उजवा पाय झोपेतच सणकन पुढे गेला आणि सासूबाईंच्या खुर्चीखालच्या लोखंडी दांड्यावर बसला. खटकन आवाज झाला. खुर्चीचा चाप सुटला आणि होती नव्हती तेवढी सगळी खुर्ची आडवी झाली. सासूबाईंचे पाय वर गेले, डोकं मास्तरांच्या मांडीपर्यंत आलं आणि मास्तरांचे गुडघे खुर्चीच्या पाठीखाली कुठेतरी राहिले.

सासूबाईंनी डोळे उघडले. जावयाचा उलटा चेहरा पाहून त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "उतरायचं का?"

"नाही, नाही. झोपा तुम्ही," मास्तर म्हणाले. सासूबाई पुन्हा झोपल्या.

"सर," मॅनेजरबाई कुजबुजल्या, "मी रिव्हर्स घेऊ का?"

मास्तरांनी मानेनेच हो म्हटलं. बाईंनी ताट बाजूला ठेवलं, मास्तरांची खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि जोर लावून मागे ओढली. गुडघे सुटले. सुटकेच्या आनंदात मास्तर झटकन उभे राहिले. पाय मात्र अजून झोपलेले होते. उजवा गुडघा एका बाजूला वळला, मास्तर दुसऱ्या, आणि दोघांची भेट फरशीवर झाली.

सिस्टर आल्या, त्यांनी गुडघा पाहिला, डॉक्टरांकडे नेऊन आणलं. हाड शाबूत होतं, स्नायू दुखावला होता. घट्ट पट्टा बांधायचा आणि पाय होईल तेवढा सरळ ठेवायचा. 

"एक लक्षात घे," परतीच्या वाटेत मास्तर म्हणाले, "बसताना मला काही झालेलं नाही. जे झालं ते उठताना. सीटचा काही दोष नाही."

सिस्टरांनी मोबाइल काढला आणि उरलेली ती जास्तीच्या जागेची सीट घेऊन टाकली. मागे स्वतःसाठी आणि आईसाठी दोन साध्या सीटा घेतल्या. दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाई पहिल्या फटक्यात पास झाल्या. लाल दिवा दिसताच त्यांनी असा ब्रेक दाबला म्हणे, की परीक्षकांचा चष्मा पुढच्या काचेवर गेला.

विमानतळावर मास्तरांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. काउंटरवरच्या तरुणाने पासपोर्ट पाहिले, पट्टा पाहिला आणि ओशाळा चेहरा केला.

"सर, ही सीट संकटकाळच्या दाराजवळची आहे. वेळ आली तर तिथल्या प्रवाशाला दार उघडावं लागतं. पाय दुखावलेल्याला आम्ही ती देऊ शकत नाही."

"दार हाताने उघडतात. हात दोन्ही धड आहेत."

"नियम आहे, सर."

"म्हणजे ज्याला पाय पसरायची गरज आहे त्याला ही सीट मिळायची नाही. आणि जास्तीचे पैसे?"

"ते परत मिळत नाहीत."

"मग मी बसते तिथे," सासूबाई पुढे झाल्या. तरुणाने त्यांच्या पासपोर्टावरच्या जन्मतारखेकडे पाहिलं आणि अदबीने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे राहिले मी," सिस्टर म्हणाल्या.

तरुणाने काउंटरवरून वाकून त्यांची उंची पाहिली. "मॅडम, दार फार जड असतं."

"बेशुद्ध माणसाला मी एकटीने कुशीवर वळवते. दाराचं काय घेऊन बसलात?"

तर ती सीट सिस्टरांना मिळाली. त्यांच्यापुढे इतकी जागा होती, की एक खाट टाकता आली असती, आणि पाय जमिनीला टेकत नव्हते. टेकायला बॅग घ्यावी तर दाराशी सामान ठेवायची मनाई. शिवाय हवाईसुंदरीने येऊन दार कसं उघडायचं ते समजावलं आणि "तुमच्यावर जबाबदारी आहे" असं म्हणाली. झालं. जबाबदारी म्हटल्यावर सिस्टरांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. सूचनांचं कार्ड त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचलं, दाराच्या कडीवर नजर लावली आणि पाय लोंबकळत ठेवून पहारा सुरू केला.

मागच्या बाजूला मास्तर आणि सासूबाई शेजारी शेजारी होते. मास्तरांनी दुखरा पाय मधल्या वाटेत लांब केला; जेवणाची ट्रॉली आली, आत घेतला; ट्रॉली गेली, बाहेर काढला. दोनदा लोक अडखळले, एकदा ट्रॉलीचं चाक घासून गेलं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता.

"द्या तो पाय इकडे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दोन सीटांमधला खुर्चीचा हात वर सरकवला होता.

"इकडे म्हणजे?"

"माझ्या मांडीवर."

मास्तरांचा चेहरा पडला. "आई, काहीतरीच काय? तुमच्या मांडीवर पाय ठेवू मी?"

"मग काय वाटेत ठेवून तुडवून घेणार आहात?" सासूबाईंचा आवाज मऊच होता, पण त्यात आज माघार नव्हती. "जावईबापू, परवा माझ्या नातीच्या लग्नात तुम्हाला उभं राहायचंय. पोरगी तीन महिने तेवढं एकच सांगतेय. मला तो पाय धड हवाय. मानपान आपण घरी जाऊन बघू."

मास्तरांनी बूट काढला, मोजा काढला, विचार करून मोजा पुन्हा घातला, आणि काचेचं भांडं ठेवावं तसा पाय सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. सासूबाईंनी त्यावर आपली शाल पांघरली आणि गुडघ्यावर दोनदा थोपटलं. इतक्या वर्षांत दोघांत एवढं जवळचं बोलणं झालं नव्हतं. मास्तरांना काहीतरी म्हणायचं होतं, पण शब्द जुळवेपर्यंत त्यांना झोप लागली. जाग आली ती थेट विमान उतरल्यावर.

विमानाच्या दारात चाकाची खुर्ची तयार होती. मास्तर उठले, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. गुडघा किंचित कुरकुरला, एवढंच. मागे वळून पाहतात तर सासूबाई जागच्या हलेनात.

"मांड्या आहेत की नाहीत तेच कळत नाहीये मला," त्या म्हणाल्या.

मग खुर्चीत सासूबाई बसल्या. सिस्टर पुढून आल्या त्या सुजलेल्या पावलांनी आणि तांबारलेल्या डोळ्यांनी. दार एकदाही उघडावं लागलं नव्हतं, याचं समाधान तेवढं चेहऱ्यावर होतं. मास्तरांनी खुर्चीच्या मुठी धरल्या आणि जरासे लंगडत, पण ताठ मानेने, सासूबाईंना ढकलत ते बाहेर आले.

लेक धावत आली आणि गोंधळून उभी राहिली. "बाबा, खुर्ची तुमच्यासाठी सांगितली होती ना?"

"मला काय झालंय?" मास्तर म्हणाले. "जास्तीच्या जागेत बसली तुझी आई, तिची पावलं बघ. मी आपला साध्या सीटवर बसलो, उतरलो तो ठणठणीत. मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. जागा लागत नाही, माणसाला बसता यायला पाहिजे."

सिस्टरांनी वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या. खुर्चीतून सासूबाईंनी नातीचा हात धरून तिला जवळ ओढली.

"परतीच्या सीटा तूच निवड," त्या तिच्या कानात म्हणाल्या. "मला यांच्यापासून दूरची दे. जास्तीचे जे काही पडतील ते माझ्याकडून घे."