साठ ताटांची सून

पाहुण्यांनी नापसंत केली तरच मोनालीचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष पुरं होणार होतं. तिच्या वडिलांनी, कचरूंनी, कन्हेरीच्या घरात तसं सरळ बजावलं होतं. त्यामुळे जगातल्या इतर मुली पसंत पडावं म्हणून नटतात, तशी ही नापसंत पडायची तयारी करत होती. अतिहुशार सून कुणालाच नको असते, एवढं तिला ठाऊक होतं.

पाहुणे एम-एटी फटफटीवरून आणि तिच्यामागच्या जीपमधून आले. मुलाचे वडील गेणबा यांची लोणी देवकरला कामगारांसाठी खानावळ होती. सोबत बायको रंगूबाई आणि नवरामुलगा समाधान. पोहे संपायच्या आत गेणबांनी खानावळीचं दुखणं काढलं.

"काल साठ ताटं गेली. गल्ल्यात आठशे ऐंशी. मटणाचं ताट ईसला, साधं बाराला. आता मटणाची किती गेली, कुणाला ठावं? उद्या मटण किती आणायचं?"

मोनालीला हवी ती संधी मिळाली. "मटणाची x माना, साधी y," ती मान वर करून म्हणाली. "x अधिक y साठ. वीस x अधिक बारा y आठशे ऐंशी. मटणाची वीस, साधी चाळीस. एवढं साधं येत नाही तुमाला?"

तिच्या आईनं, अक्काबाईनं, डोक्यावर हात मारला. गेणबा मात्र मांडी ठोकून उठलेच. "आरं, हीच पायजे! कॉलेज कशाला आता? समदं येतंय की!"

आता चुकायलाच हवं, हे मोनालीनं ओळखलं. रंगूबाई तेवढी तोंड पाडून बसली होती. गेणबांनी दुसरं गणित घातलं, "पन्नास ताटं, सातशे साठ रुपये?"

"मटणाची पन्नास, साधी पन्नास," मोनालीनं मुद्दाम ठोकून दिलं.

रंगूबाईनं बोटांवर मोजलं. "अगं, शंभर झाली की ती!" आणि पहिल्यांदा हसली. "बरं झालं बाई. मला वाटलं लईच शानी हाय. चुकती म्हंजी माझं आयकंल."

आता उरला समाधान. मोनालीनं त्याच्याकडं डोळे लावले. तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "आबा, मला गणिताचं लई भ्या वाटतं. दहावीला त्याच्यातच दोनदा गेलो."

"म्हून तर हिला न्यायची!" गेणबा म्हणाले.

कचरूंनी साखर मागवली. मोनालीला रडू आलं, आणि लग्नाच्या नावानं पोरी रडतातच, म्हणून कुणी विचारलंही नाही.