विलासतात्यांची शिकाऊ गाडी

भर रस्त्यात गाडीच्या सायलेन्सरनं फटाका फोडला की बहुतेक माणसं काच वर करतात आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून पुढं निघून जातात. विलासतात्या गाडी कडेला घ्यायचे, इंजिन बंद करायचे, खाली उतरायचे आणि दचकलेल्या प्रत्येक माणसापुढं हात जोडून म्हणायचे, "माफी असावी. गाडी अजून शिकतीय."

प्रत्येक म्हणजे अगदी प्रत्येक. भिगवण रस्त्याला एकदा लग्नाची वरात चालली होती. तिच्या बाजूनं जाताना गाडीनं असा काही बार काढला की बँडवाल्यांना वाटलं मुलीकडच्यांनी दारू उडवली. त्यांनी अजून जोरात वाजवायला घेतलं. घोडा मात्र पुढचे पाय उचलून उभाच राहिला आणि नवरदेवानं मुंडावळ्या सोडून त्याची मान धरली. तात्या उतरले. आधी नवरदेवाची माफी मागितली, मग वरबापाची, मग करवलीची आणि सगळ्यांत शेवटी घोड्यासमोर उभं राहून त्यालाही हात जोडले.

मी गाडीतच बसलो होतो. मांडीवर लॅपटॉप होता. तो मी इतका वर उचलून धरला की चेहरा त्याच्यामागं झाकला जावा. तरी माझ्या क्लासमधल्या एका मुलीनं वरातीतून वाकून आत पाहिलंच. "सर, तुम्ही यांच्याबरोबर आहात?" मी म्हणालो, "नाही, म्हणजे हो, म्हणजे कॉम्प्युटर माझा आहे."

कॉम्प्युटर खरोखरच माझा होता, आणि या सगळ्यात मी सापडलो तो त्याच्यामुळंच. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. बारामतीत मी कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायचो. मोठी यंत्रं पुष्कळ होती, पण मांडीवर घेता येईल असं यंत्र एकच, तेही कुणीतरी वापरून टाकलेलं. एके दिवशी चपला बाहेर काढून एक गृहस्थ आत आले. पंचेचाळिशीचे असतील. अंगात पांढरा शर्ट, कोपराला ऑइलचा डाग, आणि तो डाग दुसऱ्या हातानं झाकलेला.

"सर, तुमच्याकडं घडी घालायचा कॉम्प्युटर हाय म्हणत्यात."

"आहे. काय शिकायचंय?"

"मला न्हाय शिकायचं. गाडीला शिकवायचंय."

तात्या मूळचे बावड्याचे. बारामतीत त्यांचं गॅरेज होतं आणि ते चांगलं चालायचं. पुण्याच्या एका शर्यतीच्या शौकिनानं आपल्या लाल गाडीतला पेट्रोल सोडणारा कार्बुरेटर काढून तिथं परदेशातून मागवलेला इंजिनाचा कॉम्प्युटर बसवला होता. जेवणाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी, तिच्यातून निघालेल्या शेवयांसारख्या वायरी. इंजिन किती फिरतंय, तुम्ही पाय किती दाबलाय, पाणी किती तापलंय हे ती पेटी बघणार आणि त्याप्रमाणं पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची ते ठरवणार. पण हे ठरवायचे आकडे आधी कुणीतरी माणसानं भरावे लागतात. शौकिनाला ते जमलं नाही. गाडी कधी धापा टाकायची, कधी धूर ओकायची. शेवटी कंटाळून त्यानं ती विकायला काढली आणि तात्यांनी घेतली.

पेटीला ते 'डबा' म्हणायचे. तात्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. त्या मला एकदा म्हणाल्या, "यांचे दोन डबे हायती. एक मी भरते, एक हे भरत्यात. माझा हाय तसा परत येतो."

तर मी लॅपटॉप डब्याला जोडून शेजारी बसायचो, आकडे बदलायचो आणि तात्या गाडी चालवत कान देऊन सांगायचे. "उपाशी हाय सर, दोन घास वाढवा." मी बाण वरच्या दिशेनं दाबायचो. "आता अजीर्ण झालं. एक काढा." असं करत करत माळेगावच्या कारखान्यापर्यंत जायचं, उसाच्या गाड्यांमागं रांगायचं, मोकळा रस्ता मिळाला की पाय दाबायचा. गाडी बरोबर लागली की तिचा आवाज असा यायचा की माझ्यासारख्या अडाण्याच्याही अंगावर काटा यायचा. तात्या मात्र आजूबाजूला बघायचे. "लईच आवाज केला का हो आपण?"

वैशाखात एकदा गाडीनं काळ्या धुराचा लोट काढला. एसटी स्टँडसमोर उभ्या असलेल्या पाच-सहा पांढऱ्या टोप्या करड्या झाल्या. तात्या उतरले, टोपीगणिक माफी झाली. एक टोपी तर त्यांनी धुऊन देण्यासाठी घरी नेली. मग दोन दिवस डोकं खाजवून दोष सापडला. पाण्याचं तापमान सांगणारी वायर सुटली होती. तात्या मला म्हणाले, "बाहेर अंगाची लाही होतीय, आन् डब्याला वाटतंय आपण काश्मिरात हाय. गार पडलीय म्हणून बिचारा इंजिनाला पेट्रोल पाजतोय." त्यांनी वायर जोडली आणि डब्यालाही हळूच म्हणाले, "तुझी चूक न्हवती रं."

या माणसाला इतकी कसली लाज वाटते, हे मला कळत नसे. गिऱ्हाइकानं पैसे दिले तरी हे ओशाळायचे. चहाचा कप हातात दिला तरी "तुमाला तरास" म्हणायचे. मी ते स्वभावाचं औषध नसलेलं दुखणं समजत होतो.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लांबच्या चाचणीला आम्ही नेहमी इंदापूरच्या रस्त्याला जायचो. त्या दिवशी तात्या दाढी करून यायचे, शर्टाला इस्त्री असायची. "आज इंदापूर गाठायचंच" म्हणायचे. भवानीनगर मागं पडायचं, लासुर्णे जायचं, निमगाव केतकीचे पानमळे दिसेपर्यंत गाडी सुरेख पळायची. आणि निमगाव ओलांडलं की बंद. तात्या बॉनेट उघडून दोन वायरी चाचपायचे. "आज नशिबात न्हाय. माफी असावी." मग गाडी उलटी वळवायची, की पहिल्या झटक्याला सुरू!

मी माझ्या परीनं डोकं चालवलं. इंजिन तापून होत असेल, पेट्रोल मागं राहत असेल, अर्थिंग सैल असेल. तात्या प्रत्येक कारणाला मान डोलवायचे. एकदा मी पडद्यावरचे आकडे बघत असताना ते अचानक शून्यावर आले, तशी मी मान वर केली. तात्यांचा हात किल्लीवर होता.

गाडी आपल्या वेगानं घरंगळत एका बाभळीखाली जाऊन थांबली.

"तात्या, तुम्ही बंद केलीत."

त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. म्हणाले, "पुढं इंदापुरात चाचा हायती."

चाचा म्हणजे स्टँडसमोरचे गॅरेजवाले रहीमचाचा. बावड्याहून हाकलून दिल्यासारखा आलेला विलास त्यांच्याकडं पाना धरायला शिकला. त्यांच्या घरी जेवला, ईदेला त्यांच्या पोरांबरोबर त्यालाही कापड मिळालं. चाचांचा कान मोठा होता. चालत्या गाडीचा आवाज ऐकून ते कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगायचे. तात्यांनी लाल गाडी घेतली, डबा कसाबसा चालू केला आणि पहिल्यांदा ती दाखवायला नेली ती चाचांकडंच. गॅरेज गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. तात्यांना उजाडल्यापासून काय बोलू न् काय नको झालं होतं.

"मी म्हणालो," तात्या स्टिअरिंगकडं बघत सांगू लागले, "चाचा, हा डबा आला आन् तुमच्या कानाचं काम संपलं बघा! हासत म्हणालो, सर. कवतिकानं म्हणालो. तर कुनीच हासंना. सगळी खाली बघाया लागली. चाचा नुसतं बघत ऱ्हायले माझ्याकडं. मी निघालो. बाहेर चहावाल्यानं मला बाजूला घेतलं, म्हणला, तुला ठावं न्हाय व्हय? चाचांचे कान गेलं की. चार म्हैनं झालं."

बाभळीवर कावळा ओरडत होता. मी लॅपटॉपची घडी घातली.

"तवापासनं गेलो न्हाय. दर बारी निघतो. निमगाव आलं की हात किल्लीवर जातो. कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला इंदापुरात वर्गासाठी जागा बघायची होती. मी तात्यांना म्हणालो, मला स्टँडवर सोडाल का? त्यांना काय वाटेल ते मला ठाऊक होतं, आणि मला नाही म्हणायलाही त्यांना लाज वाटेल हेही ठाऊक होतं. झालं तसंच. "सोडतो," ते म्हणाले. "पन मी खाली उतरनार न्हाय. तुमी उतरा, मी तसाच वळवून माघारी."

निमगाव मागं पडलं. तात्यांच्या कपाळावर घाम होता, पण दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. इंदापूर आलं, स्टँड दिसू लागलं, आणि ऐन वळणावर गाडी एक आचका देऊन बंद पडली.

मी तात्यांकडं पाहिलं.

"आईशप्पत सर, किल्लीला हात न्हाय लावला!"

मागं एसटी अडकली. तिच्या मागं ट्रॅक्टर. हॉर्न सुरू झाले. तात्यांना ते सहन होणं शक्यच नव्हतं. दार उघडून ते एसटीच्या ड्रायव्हरची माफी मागायला धावले. तेवढ्यात स्टँडवरची माणसं गोळा झाली आणि गाडीला हात लावले. "अहो, कुणीतरी स्टिअरिंग धरा!" मी सरकून धरलं. मला गाडी चालवता येत नाही, पण वळवता येते. "चाचाकडं घ्या, समोरच हाय!" असा आवाज आला आणि मी वळवली. ड्रायव्हरची, कंडक्टरची आणि ट्रॅक्टरवाल्याची माफी मागून तात्या वळून बघतात तो गाडी रहीमचाचांच्या गॅरेजात जाऊन उभी.

चाचा बाकड्यावर बसले होते. पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी, समोरच्या परातीत रॉकेलमध्ये कसले तरी सुटे भाग. त्यांनी आधी गाडीकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या तात्यांकडं. हातातला ब्रश तसाच राहिला.

तात्या पुढं आले. मान खाली घालून काहीतरी पुटपुटले.

"काय?" चाचांनी कानामागं हात धरला.

तात्या पुन्हा बोलले. मला दोन हातांवरून ऐकू आलं नाही, तिथं चाचांना काय येणार.

"मोठ्यानं बोल, इलास. मला ऐकू येत न्हाय आता."

दारात धक्का देणारी माणसं तशीच उभी होती. चहावाला किटली घेऊन थांबला होता. एसटीतले प्रवासीसुद्धा खिडकीतून बघत होते. चहाच्या कपालाही ओशाळणाऱ्या त्या माणसानं एकदा सगळीकडं पाहिलं, डोळे मिटले आणि तो बेंबीच्या देठापासून ओरडला,

"चाचा, मी म्हणलो व्हतो, तुमच्या कानाचं काम संपलं! सगळ्यांच्या म्होरं म्हणलो! माझं चुकलं!"

चहावाल्यानं किटली खाली ठेवली.

चाचांनी कानामागचा हात खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "असं म्हणला व्हतास तू?"

तात्यांनी डोळे उघडले.

"मला ऐकूच आलं न्हवतं रं त्या दिवशी. तू काय तरी बोलला, समदी गप झाली, तू निघून गेला." त्यांनी ब्रश परातीत ठेवला. "मग तू आलाच न्हाय. मला वाटलं, चाचा बहिरा झाला, आता त्याच्याकडं शिकण्यासारखं काय ऱ्हायलं, म्हणून पोरगं येत न्हाय. तुझ्या चाचीला पन तसंच सांगितलं मी."

तात्या खाली बसले. बाकड्यावर नाही, चाचांच्या पायाशी फरशीवर, ऑइल सांडलेलं होतं तिथंच. इस्त्रीचा शर्ट पार गेला. चाचांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो रॉकेलचा आहे हे लक्षात येऊन पटकन काढून घेतला. तात्यांनी तो धरून परत डोक्यावर ठेवला.

चहावाल्यानं न सांगता दोन कप भरले. धक्का देणारी माणसं एकेक करून पांगली. गाडीला काय झालं होतं ते तेव्हा कुणी पाहिलंच नाही.

मी जागा बघायला गेलो. दुपार कलताना परत स्टँडवर आलो, तेव्हा गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि दोघं तिच्यात वाकले होते. आता आपण मध्ये जायला नको, असं वाटून मी बारामतीच्या एसटीत जाऊन बसलो. एसटी सुटायला वेळ होता. समोरच्या गॅरेजातून तात्यांचा आवाज येत होता. चाचा काहीतरी विचारायचे आणि तात्या घसा फाटेपर्यंत ओरडून सांगायचे, की इंजिन फिरायला लागलं की पेट्रोल किती सोडायचं ते हा डबा असं असं ठरवतो. आमच्या एसटीतली एक आजी वैतागून म्हणाली, "कोण मेला एवढा बोंबलतोय?"

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "माझ्या ओळखीचे आहेत."