गच्चीवर मातीवाचून बाग वसविल्याची हकिकत

श्री. जो बीजात असोन दिसत नाही आणि पानात दिसोन सापडत नाही, त्यास नमन करून लेखनास आरंभ केला. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्य चार मजल्यांचे, सोळा घरांचे, वर सपाट गच्ची, आणि त्या गच्चीवर तिसऱ्या मजल्याच्या वसुमतीबाई खांबेटे यांचा बारा वर्षांचा अंमल. कुंड्या चाळीस, त्यांत पुदिना, पालक, अळू, गवती चहा. राज्यात कोणास सर्दी जाहली तर गवती चहा बाईंकडोनच जात असे. मग चौथ्या मजल्यावर राज्याचे चिटणीस दत्तारामजी सावर्डेकर यांच्या छतास ओल आली, आणि सभा भरली, आणि ओल कुंड्यांमुळे की जुन्या गिलाव्यामुळे याची चौकशी न करिता ठराव जाहला, की गच्चीवर माती ठेवू नये. हात वर जाहले, त्यांत एक हात बाईंचे यजमान, भूमापन खात्यातून निवृत्त जाहलेले राजश्री दिनकरपंत खांबेटे यांचा होता. पंत चिटणिसांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, आणि शेजारचा हात वर गेला तेव्हा त्यांचाही गेला. याहून मोठे कारण शोधिता सापडत नाही. बाईंनी तो हात पाहिला. दुसरे दिवशी कुंड्या लिफ्टने उतरल्या आणि एका शाळेस गेल्या, आणि त्या दिवसापासून नऊ महिने बाईंनी गच्चीचा जिना चढिला नाही. भांडण जाहले नाही. घरात बोलणे चालू होते, परंतु कामापुरते, आणि पंतांस ते भांडणाहून जड जाऊ लागले.

मग पंतांनी ठरावाची प्रत काढोन वाचिली. तीत माती वर्ज्य होती, झाड वर्ज्य नव्हते. आणि हायड्रोपोनिक म्हणोन एक विद्या आहे, तीत झाडे नळीतून फिरणाऱ्या पाण्यावर वाढतात आणि झाडाचे अन्न त्या पाण्यातच विरघळविलेले असते, हे त्यांस मोबाइलवर कळले. बाग उभी राहिली तर बाई पुन्हा वर येतील, इतकीच मसलत पंतांच्या मनात होती. क्षमा मागण्याचा सोपा मार्ग त्यांस सुचला नाही. ते चिटणिसांकडे वकिलीस खासा गेले. चिटणीस म्हणाले, “खांबेटे, पाणी म्हणजे परत ओल आली.” पंत म्हणाले, “बंद नळी आहे. थेंब सांडणार नाही.” चिटणीस म्हणाले, “करा मग. पण एक तक्रार आली, की त्याच दिवशी सगळं खाली.” येणेप्रमाणे तह जाहला.

मग साहित्याची मोहीम निघाली. युनूस मिस्त्री म्हणोन राज्याचे नळकाम पाहणारे गृहस्थ, त्यांच्यासह पंत नळ्यांच्या दुकानी गेले आणि चार इंची दोन नळ्या घेतल्या. दहा फुटांची नळी रिक्षात मावेना, म्हणोन पुढचे टोक पंतांनी आणि मागचे मिस्त्रींनी खांद्यावर घेऊन भर पेठेतून पायी कूच केले, आणि वळणावर नळीने एका भाजीवाल्याची छत्री पाडिली, ती उभी करून पुढे गेले. शोभेच्या माशांच्या दुकानातून मत्स्यपेटीचा पंप घेतला. दुकानदाराने मासे किती म्हणोन पुसिले, तो पंत म्हणाले, “मासे नाहीत, पालक आहे,” आणि पंप पिशवीत टाकिला. रोपे धरावयास जाळीचे पेले हवे होते, ते गावात मिळेनात, म्हणोन भांड्यांच्या दुकानी चहाच्या गाळण्या मागितल्या.

“किती देऊ?”

“चोवीस.”

“काका, चहाचं दुकान टाकताय?”

“रोपं लावायचीत.”

“गाळण्यांत?” दुकानदारीण म्हणाली, “काकूंना विचारलंत का?”

पंत म्हणाले, “त्यांच्यासाठीच आहे,” आणि गाळण्या मोजोन घेतल्या.

मग मिस्त्रींनी नळ्यांस भोके पाडिली, खाली साठ लिटरांचे निळे पिंप ठेविले, पंप जोडिला, थेंबही सांडेना. पंतांनी पालकाची रोपे मुळे धुऊन गाळण्यांत बसविली, आणि मुहूर्ताचा दिवस नेमिला. बाईंस वर बोलाविले, त्या म्हणाल्या, “गुडघा दुखतोय. तुम्ही करा.” पंतांच्या खात्यात नवे यंत्र आले की पूजा करून मगच दुर्बीण लावीत, हा छत्तीस वर्षांचा रिवाज. त्याप्रमाणे पंतांनी पिंपास हळदकुंकू वाहिले, नारळ फोडिला, त्याचे पाणी आणि वर तांब्याभर पंचामृत पिंपात सोडू लागले. मिस्त्री म्हणाले, “काका, पिंपाला नुसतं दाखवा आणि वाटून टाका. पंप चिमणीएवढा आहे.” पंत म्हणाले, “सुरुवात रीतीने व्हावी,” आणि तांब्या उपडा केला.

तिसरे दिवशी पिंपावर फेस आला, पाचवे दिवशी पंपास साय चढोन पाणी फिरेनासे जाहले, मुळे तुपाने माखोन काळी पडली आणि पालक गाळण्यांतच आडवा जाहला. आंबट वास जिन्याने चौथ्या मजल्यावर उतरला. चिटणीस वर येऊन नाकास रुमाल लावोन म्हणाले, “खांबेटे, गच्चीवर दही लावलंत? संध्याकाळपर्यंत हे सगळं खाली पाहिजे.” पंत एकटेच नळीच्या टोप्या काढू लागले. तो वास तिसऱ्या मजल्यावरही पोचला होता, आणि दुपारी जिन्यात पाऊल वाजले, आणि बाई कठडा धरून वर आल्या.

“काय घातलंत यात?”

“पंचामृत.”

“अहो, झाडाला तूप?”

“मधसुद्धा होता.”

बाईंनी एक गाळणी उचलोन मुळे बोटांनी पाहिली, खाली ठेविली, आणि नऊ महिने न पुसिलेले पुसिले. “त्या दिवशी हात का वर केलात?”

पंत म्हणाले, “सगळ्यांनी केला.”

“मी नव्हता केला.”

“हो.” मग हातातली नळीची टोपी खाली ठेवोन पंत म्हणाले, “मी तुझ्याकडे बघायला पाहिजे होतं. चुकलं माझं.”

बाईंनी गाळण्या एका बाजूस सारिल्या. पदर खोचिला आणि म्हणाल्या, “बादली आणा. आणि व्हिनेगर. नळ्या आतून घासायच्या.” संध्याकाळी चिटणीस पाहणीस आले तो पिंप धुऊन उन्हात पालथे पडले होते, आणि बाई पंपाची जाळी जुन्या ब्रशने घाशीत होत्या. त्या मान वर न करिता म्हणाल्या, “सावर्डेकर, पंधरा दिवस द्या. पालक गेला, पण पुदिना पाण्यात मुळं धरतो. पुन्हा वास आला तर मीच खाली नेईन.” चिटणीस जरा घुटमळले आणि म्हणाले, “वहिनी, तुम्ही बघणार असाल तर माझं काही नाही.” पंत तेथेच उभे होते, त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही, आणि त्यांसही ते योग्य वाटले.

सारांश. चोवीसपैकी अठरा गाळण्यांत पुदिना लागला. गच्चीचे राज्य बाईंकडे गेले. पंतांकडे पाणी भरण्याचे आणि पंप पुसण्याचे काम राहिले, आणि पिंपात काहीही घालण्याचा त्यांचा अधिकार कायमचा खालसा जाहला. चुकीची क्षमा जाहली की नाही, याविषयी बाईंनी काही सांगितले नाही आणि लेखकास अनुमान करवत नाही. परंतु नळ्या घासल्याच्या दुसरे दिवशी सकाळी जिन्यातून हाक आली, “अहो, येताय ना वर?”, आणि पंत चहा अर्धा टाकोन गेले. इतका मजकूर खात्रीचा.