कोरड्या नदीतली होडी

"आज संध्याकाळी माझ्या तव्यावर पिवळपोट्या मासा परतला जाणार म्हणजे जाणार!" गुरुवारी सकाळी आठ वाजता एरल हॅड्रिलनं जाहीर केलं. तो तेव्हा होडीत बसला होता आणि होडी नदीत होती. नदीत फक्त पाणी नव्हतं!

सव्वीस महिने नव्हतं. कूलबा गावापाशी डार्लिंग नदीच्या तळाला अशा भेगा पडल्या होत्या, की पबवाल्या लेस्टरचा कुत्रा त्यातल्या एकीत मागच्या दोन्ही पायांनी अडकून अर्धा दिवस केकाटत होता. पण आता उत्तरेला पाऊस झाला होता. वरच्या बंधाऱ्यावरून निरोप आला, पाणी सुटलंय, गुरुवारी दहाच्या सुमारास तुमच्याकडं पोचेल. झालं! एरलनं बुधवारीच आपली पत्र्याची होडी लेस्टरच्या ट्रॅक्टरला दोरानं बांधली, फरफटत आणली आणि पात्रातल्या सगळ्यात खोल खळग्यात ठेवून दिली. नदी आल्यावर होडी शोधायची, ही इतरांची अक्कल. पाणी येणार, होडी अलगद उचलणार आणि गावातला पहिला गळ पडणार तो एरलचा!

काठावर झाडाखाली खुर्ची टाकून डल्सी मावशी बसली होती. ऐंशी वर्षांची, बारकिंजी लोकांतली. ही नदी तिच्या माणसांची, गाव वसण्याच्या कितीतरी आधीपासूनची. गावात लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत.

"एरल, पहिल्या पाण्यात मासा नसतो रे. आधी येतो तो केरकचरा."

"माझ्यासाठी येईल एखादा!"

"तुझ्यासाठी? तुझी बायको येत नाही सव्वादोन वर्षं, आणि मासा येईल?"

हे मात्र वर्मी लागलं. नदी आटत गेली, हिरवी झाली, नळाला कुजका वास यायला लागला, तोवर नोलानं सगळं सोसलं. पण एका सकाळी मोठाले, म्हातारे कॉड मासे पोट वर करून तरंगताना तिनं पाहिले. घरी येऊन तिनं बॅग भरली. "मी डबोला मुलीकडं जाते. तूही चल."

"आणि मी नसताना नदी आली तर?"

"मग आली की कळव," नोला म्हणाली. रागानं नाही, दमून.

तेव्हापासून दर रविवारी फोन. जेवलास का? जेवलो. गुडघा कसाय? बरा आहे. नदीचं नाव दोघंही काढत नसत. फोन ठेवला, की एरल पात्रात जाऊन वरच्या वळणाकडं तोंड करून उभा राहायचा. किती वेळ, ते त्याचं त्यालाही कळत नसे.

आज मात्र रविवारची वाट बघवेना! होडीच्या फळीवर उभं राहून हात वर केला की फोनला रेंजची एक काडी मिळायची. एरल आभाळाशी भांडल्यासारखा ओरडायला लागला.

"नोला! मी नदीत आहे!"

"काय? खरखर येतेय! कुठं आहेस?"

"नदीत! होडीत बसलोय! गळ तयार आहे!"

नोलाचा आवाज एकदम बदलला. "नदीत? होडीत?"

"हो! म्हणजे पाणी दहा..."

"दहा फूट! अरे देवा! निघालेच मी!"

फोन बंद. एरलनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. पण गाडी चालवताना नोला फोन उचलत नसे. बाई शिस्तीची.

"डबोहून साडेपाच तास," मावशीनं हिशेब केला. "दोनला पोचेल ती. आणि नदी?"

"नदी दहाला!"

"नदीच्या मनगटाला घड्याळ आहे होय रे?"

दहाला अख्खं गाव काठावर जमलं. अकराला अर्धं पांगलं. बाराला लेस्टर वरच्या अंगाला चक्कर मारून आला. "पाणी वळणाच्या पलीकडं अडलंय! भेगा पिऊन टाकतायत सगळं! आज येईल असं वाटत नाही गड्या. खाली उतर, बियर घे."

"मी उतरलो आणि नेमकी आली तर?"

पत्र्याची होडी तव्यासारखी तापली. पिवळपोट्या राहिला बाजूला, एरलच दोन्ही बाजूंनी खरपूस व्हायला लागला! माश्या त्याच्या टोपीवर वसाहत करून राहिल्या. त्याला वळणावर पाणी दिसत नव्हतं, पण डबोच्या रस्त्यावरची छोटी पांढरी गाडी मात्र डोळे मिटूनही दिसत होती. एवढ्या लांबून यायचं, आणि बघायचं काय? खळग्यात बसलेला म्हातारा! ती गाडीतून उतरणारसुद्धा नाही.

दीड वाजता डल्सी मावशी खुर्चीतून उठली. "गप्प बसा सगळे!"

सुक्या पाचोळ्यावरून कुणी ओलं गोणपाट ओढत आणावं, तसा आवाज येत होता. मग वळणावरून ती आली. वीतभर रुंद, चहाच्या रंगाची जीभ, तोंडाला फेस. पुढं कोळी आणि गोमा जिवाच्या आकांतानं पळत होत्या. प्रत्येक भेगेपाशी पाणी थांबायचं, भेग भरायचं आणि पुढं सरकायचं. लेस्टरनं टोपी काढली. मावशी खाली उतरली, वाकून तिनं पाण्यावर हात ठेवला आणि आपल्या भाषेत हळू काहीतरी बोलली. एरलनं या घटकेसाठी एक आरोळी राखून ठेवली होती, पण ती मारायची विसरून तो गळाची काठी उचलायला वाकला.

पाणी खळग्यात उतरलं. होडीभोवती चार बोटं चढलं, मग वीतभर. आता उचलणार! आता!

होडी काही उचलेना. एरलचे बूट मात्र ओले झाले.

"एरल!" लेस्टर ओरडला. "बुडाचं बूच कुठंय?"

बूच! होडीच्या बुडाला पाणी काढायचं भोक असतं, त्याचं बूच! एरलचा चेहरा पडला. सिंकचं बूच हरवलं, तेव्हा त्यानं होडीचंच तिथं बसवलं होतं. गेली दीड वर्षं त्याची भांडी त्यावरच घासली जात होती!

त्यानं भोकात मोजा कोंबला. मोजा गेला. टोपी कोंबली, तीही गेली. पाणी गुडघ्याला आलं, मांडीला आलं.

"उतर रे, येड्या!"

"नाही!" एरलनं हट्टानं गळ टाकला. आणि काय आश्चर्य! दोरी ताणली! काठी वाकली! "पिवळपोट्या! बघ मावशी, पिवळपोट्या!" दात-ओठ खात त्यानं ओढलं आणि बाहेर आला कालचा ट्रॅक्टरचा दोर.

लोक हसत असतानाच वर गाडीचं दार वाजलं. काठावर नोला उभी होती. हातात लिंबांची पिशवी. कंबरेएवढ्या पाण्यात, बोडक्या डोक्यानं, काठी धरून बसलेल्या नवऱ्याकडं ती बघत राहिली.

"एरल, होडी कुठंय?"

"माझ्या खाली!"

नोला हसली नाही. ती पाण्याकडं बघत होती. मग तिनं पिशवी खाली ठेवली, बूट काढले आणि चिखल तुडवत, झगा भिजवत थेट होडीपर्यंत आली. "सरक जरा."

एरल सरकला. दोघं बुडालेल्या फळीवर शेजारी शेजारी बसली.

"दहा फूट म्हणालास."

"दहा वाजता म्हणालो."

"दहालाही आली नव्हती ना?"

"नव्हती."

तिनं पाण्यात हात फिरवून नाकाशी नेला. "तोच, नदी भरून वाहायची तेव्हाचा वास," ती म्हणाली. मग, "आणि मासा?"

नोलाशी खोटं बोलणं एरलला कधी जमलं नव्हतं. आठवडा-दोन आठवडे, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात काठावरून मावशी गरजली, "तीन महिने!"

"तीन?"

"कमीत कमी! घाई करून चालायचं नाही!"

नोलानं उसासा टाकला. "तीन महिने थांबायचं, तर लेकीची गाडी परत पाठवायला हवी."

त्या रात्री लेस्टरच्या पबातल्या डबाबंद सार्डिन माशांवर लिंबं पिळली गेली. पहिला पिवळपोट्या खरं तर नवव्या दिवशीच लागला, तोही डल्सी मावशीच्या गळाला. तिनं तो पदराआड दडवावा तसा कोटाखाली दडवून घरी नेला, एकटीनं खाल्ला आणि एरलला दम भरला, "घरी नोलाजवळ बोललास तर बघ!"

एरल कशाला बोलतोय!