झिजणारे टायर

"गाडी घरात राहणार की जाणार, ते आपल्या एलिनाच्या लग्नाच्या दिवशी ठरेल," बेटीबाईंनी वालाच्या शेंगा सोलता सोलता सांगून टाकलं. "नवरी धड चर्चच्या दारात उतरली तर ठेवा. नाहीतर सोमवारी त्या रिसॉर्टवाल्याला द्या आणि मोकळे व्हा."

त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे प्लासिड तुस्कानो सरांच्या, हातातला चहा हातातच राहिला. कळंबच्या किनाऱ्यावर नवीन रिसॉर्ट काढलेला तो माणूस गाडी चालवायला मागत नव्हता. तो इंजिन काढून टाकणार होता, त्या जागी माती भरून बोगनवेल लावणार होता आणि पाहुण्यांना फोटो काढता यावेत म्हणून गाडी फाटकापाशी उभी करणार होता. हा बेत त्याने सरांच्याच ओट्यावर बसून, सरांचाच चहा पीत, मोठ्या कौतुकाने सांगितला होता. त्या रात्री सरांना जेवण गेलं नाही.

गाडी म्हणजे आठ सिलिंडरची, आकाशी रंगाची, जुनी अमेरिकन गाडी. सरांचा चुलतभाऊ अँथनी जन्मभर बोटीवर होता. मुलांकडे कॅनडाला कायमचा निघाला तेव्हा त्याने किल्ली सरांच्या हातात ठेवली आणि "सांभाळ" एवढंच म्हणून तो विमानतळावर गेला. गास गावात गाडीला शोभेल असा रस्ता नव्हता आणि सरांच्या घरी ती मावेल असा आडोसा नव्हता. पुढचं तोंड पडवीत घातलं की डिकी थेट विहिरीपाशी यायची. इंजिन चालू केलं की स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या कपबश्या किणकिणायला लागत आणि शेजारच्या फर्डिनंडच्या कोंबड्या दाणे टिपायच्या थांबत. सर बॉनेट उघडून नुसते बघत उभे राहत. चाळीस मुलांच्या वर्गावर ज्यांचा आवाज तिसऱ्या खोलीत ऐकू जायचा, ते सर त्या इंजिनापुढे कुजबुजत बोलत. एवढी ताकद माणसाने लोखंडात कोंडली कशी, याचं नवल त्यांना रोज नव्याने वाटे.

अडचण त्या ताकदीचीच होती. रस्त्यावर डांबराचे थर चढत चढत रस्ता उंच झाला होता आणि घर खाली राहिलं होतं. अंगणातून रस्त्यावर यायला सिमेंटचा गुळगुळीत चढ होता. सरांनी पायाला जरासा जोर दिला की मागची चाकं जागच्या जागी गरगरत, अंगणातली माती उधळत, आणि गाडी हलायचं नाव घेत नसे. पहिल्या दिवशी मागे उभं राहून "जाऊ द्या, जाऊ द्या" करणारा फर्डिनंड पांढराशुभ्र शर्ट घालून चर्चमध्ये मिस्साला निघाला होता. तो मिस्साला गेला नाही.

"सर, इंजिन बिघडलंय," डोळ्यांतली माती काढत फर्डिनंड म्हणाला.

"इंजिन नाही रे. घर्षण!" सर आनंदाने ओरडले. "टायर बघ. दगड झालेत. जोर आहे, पण जमीन धरायला काही नाही!"

आयुष्यभर सरांनी घर्षणाचा धडा टेबलावर काडेपेटी ढकलून शिकवला होता. आता तो धडा आठ सिलिंडर घेऊन त्यांच्या अंगणात उभा होता. निवृत्तीनंतर एवढा मान मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर रेल्वे ओलांडून सातिवलीला गेले. तिथे सुमेध नावाच्या तरुणाचं टायरचं दुकान होतं. त्याने सरांना स्टूल दिलं आणि एक जाडजूड टायर आपटत पुढे आणला.

"काका, डोळे मिटून हा घ्या. टेम्पोचा आहे, तुमच्या रिमवर फिट बसतो. लोखंड आहे लोखंड! दहा वर्षं बघायला नको, झिजणारच नाही."

सरांनी टायरवर अंगठ्याचं नख दाबलं आणि मान हलवली. "मला झिजणारा हवा."

सुमेधने रेडिओ बंद केला. "काय हवा?"

"झिजणारा. मऊ रबराचा. कडक रबर टिकतं, पण घसरतं. मऊ रबर झिजतं, पण रस्त्याला चिकटतं. मला चिकटणारा दे."

"काका, टायर झिजला म्हणून लोक इथे येऊन माझी कॉलर पकडतात. आणि तुम्ही..." त्याने दुसरा काढला. "हा जीपचा बघा. वरचे रबराचे गोटे बघा केवढे आहेत! चिखलातून झाडावर चढेल."

"चिखलात चढेल. माझा चढ सिमेंटचा आहे. तिथे नुसते गोटेच टेकणार. मला सगळा तळवा टेकायला पाहिजे, रुंद."

सर दुकानभर फिरले. प्रत्येक टायरवर नख दाबलं, एका टायरला नाक लावून वासही घेतला. बाहेर चहा पिणारे दोन ट्रकवाले आत येऊन उभे राहिले, कारण असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. शेवटी सुमेधला गोदामातली एक जोडी आठवली. मुंबईच्या कुणा शौकिनाने शर्यतीसाठी मागवली होती आणि तो पुन्हा फिरकलाच नव्हता. रुंद, काळी कुळकुळीत, हाताला मऊ. सरांनी नख दाबलं. खूण उमटली आणि उमटलेली राहिली.

"हेच," सर हळूच म्हणाले.

"दोन्ही? एक आता, एक पुढच्या महिन्यात नेलात तरी चालेल की."

"अजिबात नाही. एक चाक धरणारं आणि एक घसरणारं लावलं, तर गाडी रस्त्यावर नाचेल. मागे सारखी जोडीच पाहिजे. पुढे साधे नवे दे, जोर मागे जातो."

त्या संध्याकाळी गाडी चढ चढून रस्त्यावर गेली. माती नाही, गरगर नाही, काही नाही. नुसतं एक खोल गुरगुरणं, आणि एवढं मोठं धूड अलगद वर. विहिरीच्या पलीकडे जाऊन उभा राहिलेला फर्डिनंड तोंड उघडं टाकून बघत राहिला. सर खाली उतरले आणि टायरवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. बेटीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि खिडकीपासून दूर झाल्या.

जानेवारीत लग्न आलं. मांडव पडला, घराला रंग लागला. आमच्याकडे, म्हणजे वसईतल्या जुन्या घरांतून, लग्नाआधी लाकडाला खोबरेल तेलाचा हात देतात. कपाट, आरामखुर्ची, देव्हाऱ्याची चौकट, दारं, सगळं बायका तेलाच्या फडक्याने पुसतात, म्हणजे पाहुण्यांच्या डोळ्यांत भरतं. ते काम बेटीबाई दुसऱ्या कुणाला देत नसत. लग्नाच्या सकाळी घर असं चमकत होतं की आलेला प्रत्येक जण दारातच थबकत होता.

सरांनी सूट घातला आणि आधी गाडीपाशी गेले. मागचे टायर त्यांनी इतके सुंदर कधी पाहिले नव्हते. काळेभोर, तुकतुकीत, वरपासून खालपर्यंत. सकाळचं ऊन त्यांच्यावरून ओघळत होतं. "नव्या रबराला काय तेज असतं!" सर भारावून स्वतःशीच म्हणाले, आणि पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला यात काहीही खटकलं नाही.

एलिना पांढऱ्या झग्यात, घोळ सावरत मागे बसली. लाल लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या बायका फिलूमावशीला पुढे घालून गाडीभोवती जमल्या आणि नवरीला निरोप द्यायची गाणी म्हणू लागल्या. चर्चची पहिली घंटा झाली. फादर थॉमस कुणाच्याही नवरीसाठी मिस्सा थांबवत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सरांनी क्रूसाची खूण केली आणि पायाला जोर दिला.

इंजिन गरजलं. चाकं गरगरली. चढाच्या मध्यावर गाडी थांबली, आणि चाकं पुढे फिरत असताना गाडी सावकाश मागे यायला लागली. तशा अवस्थेतही सरांना क्षणभर नवल वाटल्यावाचून राहिलं नाही. असं उदाहरण त्यांना पुस्तकात कधी सापडलं नव्हतं. टायरांतून निळा धूर निघाला आणि अंगणभर तळणाचा वास सुटला. मांडवामागचा आचारी कढई कुणी चढवली म्हणून झारा घेऊन धावत आला.

"डॅडी, काय होतंय?" मागून एलिना रडवेली झाली.

सर खाली उतरले. टायरवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. खोबरेल! त्यांनी मान वर केली. मांडवाच्या खांबाशी बेटीबाई उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता आणि दोन्ही हात त्यांनी पदराखाली लपवले होते. जी गाडी त्यांना डोळ्यांसमोर नको होती, तिच्याही चाकांना त्यांनी पहाटे उठून तेलाचा हात दिला होता. लेकीला घेऊन जाणारी गाडी पायापर्यंत चमकावी, एवढंच त्यांच्या मनात असणार.

"सर, टायरला कुणी काही फासलंय काय?" फर्डिनंडने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. नवऱ्याकडची माणसंही पुढे सरकली.

"नाही," सर म्हणाले. "टायर माझेच चुकले. मऊ रबर घ्यायला नको होतं. टेम्पोचे घ्यायला पाहिजे होते."

अख्ख्या आयुष्यात त्यांनी विज्ञानाशी एवढी मोठी बेइमानी केली नव्हती. दुसरी घंटा झाली.

"आता मागच्या चाकांवर वजन पाहिजे," सर घाईने म्हणाले. "जितकं वजन, तितकी पकड. फर्डिनंड, भाताच्या गोणी आहेत?"

"गोनी कशाला?" फिलूमावशी लुगडं खोचत पुढे आली. "आमी काय मेलो? उगड ती डिकी!"

ती डिकी एवढी प्रशस्त होती की फिलूमावशी आणि तिच्या चार मैत्रिणी पाय बाहेर सोडून ओळीने बसल्या आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. गाडीचं बूड खाली गेलं. सरांनी श्वास रोखून पाय दाबला. चाकं एकदा फिरली, पुन्हा फिरली, उरलंसुरलं तेल जळालं, आणि मग त्या टायरांनी सिमेंट असं धरलं की गाडी चढावरून सुटली ती रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबली. मागे गाण्याचा सूर एकदम वरच्या पट्टीत गेला.

चर्चच्या दारात फादर थॉमस घड्याळ बघत उभे होते. नवरी उतरली, वेळेत उतरली. तरीही फादर तिच्याकडे न बघता गाडीला वळसा घालून मागे गेले, कारण गाणं कुठून येतंय ते त्यांना कळेना. लाल लुगड्यांची रांग डिकीत बसलेली बघून त्यांनी न विचारताच आशीर्वादासाठी हात वर केला.

"गाडी झकास आहे, व्याहीबुवा," नवऱ्याचे काका जेवताना म्हणाले. "पण डिकी गाणं म्हणते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं!" सगळा मांडव हसला. सरही हसले, पण त्यांनी ताट बाजूला सारलं. हे काही धड पोचणं नव्हतं.

"बोललीस तसंच करू," पाहुणे पांगल्यावर ते बेटीबाईंना म्हणाले. "त्या रिसॉर्टवाल्याला सोमवारी बोलावलंय."

सोमवारी सकाळी सर गाडीचा निरोप घ्यायला अंगणात आले, तर बेटीबाई मागच्या चाकापाशी उकिडव्या बसलेल्या. शेजारी धुण्याच्या सोड्याची बादली, हातात काथ्या. बोटं लाल झाली होती.

"अगं, हे काय? तो माणूस येईल आता."

"येऊ द्या." त्या घासतच राहिल्या. मान वर न करता म्हणाल्या, "सगळ्यांसमोर माझं नाव का नाही घेतलंत?"

सर त्यांच्या बाजूला खाली बसले. "नवरीची आई होतीस तू."

"म्हणून खोटं बोललात? मिस्साच्या आधी?"

"बोललो. आणि त्या टेम्पोच्या टायरचं तर फारच मोठं खोटं बोललो."

बेटीबाईंना हसू आलं. डोळे त्यांनी मनगटाने पुसले, कारण हाताला सोडा होता. मग बादलीतलं पाणी चाकावर ओतून त्या उठल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "चला. बघू तरी कसं धरतं ते."

गाडी चढ चढली, कळलंसुद्धा नाही. केळीच्या वाड्यांमधला सरळ रस्ता समोर मोकळा होता. "आता दाबा," बेटीबाई म्हणाल्या. सरांनी दाबलं. मागची चाकं जमिनीला चिकटली आणि गाडीने झेप घेतली. बेटीबाई सीटमध्ये मागे दाबल्या गेल्या, केळीची झाडं दोन्ही बाजूंनी एक हिरवी रेघ होऊन मागे पळाली आणि त्यांच्या तोंडून "जेजू मारिया!" निघालं. सरांनी घाबरून पाय काढला. बेटीबाई डॅशबोर्डवर हात ठेवून बसल्या होत्या. डोळे मोठे झाले होते आणि केसांची एक बट सुटून कपाळावर आली होती.

तेवढ्यात समोरून रिसॉर्टवाल्याची जीप आली. ओळखीची आकाशी गाडी बघून त्याने खिडकीतून हात काढला आणि थांबा म्हणून खूण केली. सरांचा पाय आपसूक ब्रेककडे गेला.

"थांबताय कशाला?" बेटीबाई म्हणाल्या. "परत एकदा दाबा."