राष्ट्राध्यक्षांवर बसण्याचे प्रकरण

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चिसोम्बे प्राथमिक शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका एस्नार्ट न्गालांदे राष्ट्राध्यक्षांवर बसल्या. घटनेला तीन साक्षीदार होते.

राष्ट्राध्यक्ष स्वतः त्या वेळी राजधानीत होते आणि त्यांना काही जाणवलं नाही. पण एस्नार्टच्या कमरेभोवती गुंडाळलेल्या चितेंजेवर त्यांचा हसरा चेहरा छापलेला होता. निवडणुकीनंतर पक्षाचा ट्रक गावात आला आणि प्रत्येक बाईला दोन-दोन मीटर कापड देऊन गेला. एस्नार्टनं मत दिलं होतं विरोधी उमेदवाराला, आणि मासळीबाजारात ते मोठ्यानं सांगितलंही होतं. पण सूत चांगलं होतं.

तिची मुलगी तडाला चौथीत होती. "आई, तू त्याला मत नाही दिलंस ना? मग मी त्याला भोपळा म्हटलं तर काय झालं?"

"त्याला नाही, त्यांना. ते आता तुझेही राष्ट्राध्यक्ष आहेत. काही चुकलं तर मी सभेत उभी राहून तोंडावर बोलेन. घरात बसून नावं ठेवणं म्हणजे विरोध नव्हे."

तडालाला हे पटलं. सहा जुलैला, स्वातंत्र्यदिनी, शाळेचा झेंडा चढवायला तिचीच निवड झाली होती. महिनाभर ती कपड्यांच्या दोरीवर बापाचा टॉवेल चढवून सराव करत होती. बापानं अंघोळीनंतर टॉवेल मागितला, की आधी तो सन्मानानं उतरवला जाई.

तक्रार केली दोरीस माजावानं. ती पक्षाच्या महिला शाखेची प्रमुख होती आणि शाळा समितीतही होती.

"मॅडम, तुम्ही त्यांच्या नाकावर बसलात!"

"माजावाताई, कापडावर पाच चेहरे आहेत. तुम्ही सांगाल त्याच्यावर बसते."

हे उत्तर नोंदवून घेण्यात आलं. मुख्याध्यापक कपालामुला यांनी आसन-आदर समिती नेमली. समितीचा पहिलाच ठराव असा, की चौकशीखाली असलेल्या घरातल्या मुलानं झेंड्याला हात लावू नये.

तडाला त्या रात्री जेवली नाही. टॉवेल दोरीवर अर्ध्यावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी एस्नार्टनं समितीपुढे फळ्यावर आकृती काढली. दर चाळीस सेंटिमीटरला एक चेहरा. कापड कसंही गुंडाळा, बसल्यावर एक तरी चेहरा खाली येणारच. दोष बसणारीचा नाही, छपाईचा आहे. सिद्धता निर्दोष होती. समितीनं ती एकमतानं मान्य केली आणि तिच्यावरून निष्कर्ष काढला: चितेंजे नेसून कोणीच बसू नये.

"मग नेसतच नाही," एस्नार्ट म्हणाली.

"तो बहिष्कार होईल."

"उलटं नेसलं तर?"

कपालामुलांचा चेहरा पडला. "मॅडम, हळू बोला. सरकार उलथवायचं आहे का?"

शेवटी नियम ठरला: नेसायचं, आणि उभं राहायचं. तडालाला झेंडा परत मिळावा म्हणून एस्नार्टनं खाली सही केली, तीही उभ्यानं. त्या दिवसापासून गावातल्या बायका मासे उभ्यानं विकू लागल्या, मिनीबसमध्ये मान वाकवून उभ्या राहू लागल्या. दोरीस माजावाचे गुडघे सुजले, पण आदर तसूभर कमी झाला नाही.

सहा जुलैला मैदानावर ब्याऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांच्यापुढे ब्याऐंशी माणसं उभी होती. पुरुषांना बसायला हरकत नव्हती, पण बायका उभ्या असताना बसणं बरं दिसेना. जिल्हा आयुक्तांना वाटलं, हे आपल्याचसाठी उभे आहेत. त्या आनंदात ते एक तास पन्नास मिनिटं बोलले.

मग मुख्याध्यापकांनी घोषणा केली, "राष्ट्रगीत! सर्वांनी उभं राहावं!"

कोणी हललं नाही.

"उभेच आहेत, सर," दोरीस कुजबुजली.

"पण मग देशासाठी वेगळं काय केलं?" आयुक्तांनी विचारलं. "राष्ट्राध्यक्षांसाठी जेवढं उभं, देशासाठीही तेवढंच?"

प्रश्न गंभीर होता. समिती जागीच भरली. दोरीसनं टाचा उंचावण्याचा प्रस्ताव मांडला आणि करूनही दाखवला. तिला दोघांनी धरलं.

"हेडसर, ओढू का?" खांबाजवळून तडालानं विचारलं. "माझे हात दुखायला लागलेत."

"थांब बाळ, मुद्दा चर्चेत आहे."

एस्नार्टनं मुलीचे दोरी धरून ताटकळलेले हात पाहिले. स्वतःची सही आठवली. मग चितेंजे नीट केलं आणि खुर्चीवर बसली. चौथ्या चेहऱ्यावर, पूर्ण वजनानिशी.

"मॅडम!"

"ओरडू नका, सर. देशासाठी उठायचं, तर आधी बसायला नको का?"

"आई," तडाला घाबरून म्हणाली, "त्यांना राग येईल ना?"

"निवडून आलेत ते, बाळ. एवढा भार घ्यायलाच तर आपण त्यांना निवडलंय."

"तू कुठे निवडलंस?"

"मीसुद्धा. मतमोजणीत माझंही मत मोजलंच होतं की."

आयुक्तांनी समितीकडे पाहिलं, समितीनं आयुक्तांकडे. तेवढ्यात दोरीस माजावा धप्पकन खुर्चीत बसली आणि मैदानभर ऐकू जाईल असं "आई गं!" म्हणाली. मग उरलेल्या ऐंशी खुर्च्या करकरल्या.

"आता उठा!" एस्नार्ट म्हणाली.

सगळे एकदम उठले. तडालानं दोरी ओढली आणि झेंडा एका दमात टोकाला पोचला. राष्ट्रगीत इतक्या जोरात झालं, की पलीकडच्या मशिदीतले लोक बाहेर येऊन सावधान उभे राहिले. त्यानंतर दोरीस पुन्हा बसली, थोब्वाचे, म्हणजे मक्याच्या गोड पेयाचे, तीन पेले प्याली, आणि कोणी विचारलं की सांगत होती, "दुसऱ्या राष्ट्रगीताची तयारी करतेय."

समितीनं सादर केलेल्या वृत्तांतात ते चार सेकंदांचं बसणं 'उठण्याची पूर्वतयारी' म्हणून नोंदवलं आहे. तक्रार निकाली निघाली. शेवटच्या ओळीत एवढीच सूचना आहे, की या प्रकरणात राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख वारंवार येत असल्यानं ते उभ्यानंच वाचावं.

तुम्ही इथवर बसूनच आला असाल, तर घाबरू नका. शेजाऱ्यानं पाहिलं नसेल, तर तो आदरच धरला जातो.