रशीदभाईंची बेस गिटार

मी पदवीधर झालो तो रशीदभाईंमुळे. मला संध्याकाळचं कॉलेज करता यावं म्हणून त्यांनी तीन वर्षं माझी दुसरी पाळी स्वतःकडे घेतली. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी मॅट्रिकही नव्हतं.

पिंपरीच्या आमच्या कंपनीत ते ओतीव भाग ठोकून तपासत. तडा आवाजात कळतो. ती सवय घरीही सुटली नव्हती. माझ्या खोलीवर प्रथम आले, तेव्हा भिंतीवर अंगठा आपटून म्हणाले, "पोकळ आहे राव. शेजारची भांडणं फुकट ऐकशील."

सुट्टीच्या दिवशी ते एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत. कुठल्याशा परदेशी कॅसेटवर त्यांनी अंगठ्याने तार ठोकून वाजवलेला बेस ऐकला आणि जुनी गिटार त्यांच्या मनातून उतरली. गणपतीच्या तोंडावर मला घेऊन ते पुण्याला लष्कर भागातल्या वाद्यांच्या दुकानात गेले. दोन गिटारी होत्या, लाल आणि काळी. खिशातून त्यांनी नव्या तारांची दोन पाकिटं काढली.

"दोन्हींना बसवा. एकीला मेलेल्या तारा, एकीला जिवंत, ही काय तपासणी झाली?"

मग गिटारीच्या लाकडाला जबडा टेकवून ते अंगठा आपटू लागले.

"चाचा, वाजवणार की चावणार?" दुकानदार म्हणाला.

रशीदभाई मला हळूच म्हणाले, "ग्रॅज्युएट, बारीक तार खेचली की टण्ण येतंय का? मला फक्त दातांत कळतं. बारा वर्षं कंपनीच्या घणाच्या शॉपमध्ये काढली, बारीक आवाजाला कान गेले. ओतीव भागही आता हातालाच कळतात. ऑर्केस्ट्रावाल्यांना बोलू नकोस, काढून टाकतील. कुठली घेऊ?"

"काळी," मी म्हणालो.

पुढे आठवडाभर मला चैन पडेना. कंपनीत त्यांना काही सांगायचं तर ओरडावं लागलं असतं आणि साऱ्या शॉपने ऐकलं असतं. म्हणून मी पिंपरीतून पिंपरीत पत्र टाकलं:

"आदरणीय रशीदभाई, सलाम.

दुकानात मी खोटं बोललो. टण्ण लाल गिटारीला चांगलं होतं. पण काळी जबड्याला लावल्यावर तुम्ही हसलात, आणि माझ्या तोंडून काळी निघालं. तुम्ही माझ्या कानांवर विश्वास टाकला होता. माफ करा.

रविवारी सकाळी घरी येतो. बदलायची तर बदलून आणू. काळीच ठेवायची असेल, तर गणपतीतल्या तुमच्या कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत बसेन. टण्ण आलं नाही, की हात वर करेन. तुम्ही फक्त माझ्याकडे बघत वाजवा."